स्वतंत्र चल, अवलंबी चल आणि कापलेली मेणबत्ती

पहिली फजिती झाली ती शब्दामुळेच. फळ्यावर मोठ्या अक्षरात "स्वतंत्र चल" लिहिलं, खाली "अवलंबी चल" लिहिलं, वळून बघते तर मागच्या दोन बेंचवर हसू दाबायचा प्रयत्न चाललाय. काय झालं विचारलं तर एक जण उभा राहून अगदी साळसूदपणे म्हणतो, मॅडम, चल पण कुठे? झालं, अख्खा वर्ग फुटला. पुढे दोन-तीन दिवस तास संपला की कुणीतरी ओरडायचं "स्वतंत्र, चल!" आणि बाकीचे दप्तरं उचलायचे. तेव्हा वैताग आला होता मला, पण नंतर वाटलं की पोरांनी शब्द बरोब्बर पकडलाय, चल म्हणजे जे चालतं, हलतं, एका जागी थांबत नाही ते. आपणच त्याची "ज्या अक्षराची किंमत बदलू शकते ते" अशी व्याख्या करून त्याला वहीत झोपवून टाकतो.

तर हा विषय, म्हणजे दोन बदलत्या गोष्टींतली कोणती आधी धरायची (स्वतंत्र) आणि कोणती तिच्यावरून काढायची (अवलंबी), मी १३-१४ वर्षांच्या मुलांना बरीच वर्षं शिकवतेय, आणि खरं सांगायचं तर त्यातली बरीच वर्षं वाईट शिकवला. गणितात चूक नव्हती काही, पण मुलांच्या डोक्यात जे जात होतं ते भलतंच होतं आणि मला ते कळत नव्हतं कारण पेपरात मार्क पडायचे ना व्यवस्थित. माझी पद्धत एकदम सोपी. दोन गोष्टी दिल्यात, त्यात वेळ आहे का बघा, आहे? मग वेळ स्वतंत्र, तो आडव्या अक्षावर, उरलेली गोष्ट अवलंबी, ती उभ्या अक्षावर, विषय संपला. इंग्रजीतून शिकवणारे "ड्राय मिक्स" असं पाठ करून घेतात, डिपेंडंट-रिस्पॉन्डिंग-वाय आणि मॅनिप्युलेटेड-इंडिपेंडंट-एक्स, तेही मी एकदा फळ्यावर लिहून दिलं होतं, पोरांना काय, पाठ करायला काहीही चालतं. आणि माझी उदाहरणं तरी काय होती, गाडीने कापलेलं अंतर आणि वेळ, रोपाची उंची आणि दिवस, टाकीत साठलेलं पाणी आणि मिनिटं. सगळीकडे वेळ. म्हणजे नियमही मीच बनवला आणि तो कधी मोडणार नाही अशीच उदाहरणंही मीच निवडली, मग मार्क पडणार नाहीत तर काय.

नियम मोडला तो उजळणीच्या एका साध्या प्रश्नात. २० लिटरची बादली आहे, नळाची धार कमी-जास्त केली की बादली भरायला लागणारा वेळ बदलतो, तर यात स्वतंत्र चल कोणता? मला वाटलं हा तर फुकटचा मार्क. बघते तर जवळजवळ सगळ्यांनी लिहिलेलं, वेळ. वर्गात विचारलं का रे बाबांनो, तर उत्तर तयार, मॅडम तुम्हीच सांगितलंय वेळ नेहमी स्वतंत्र असतो. आता यावर काय बोलणार.

मी जरा सावरून एकाला विचारलं, बरं, वेळ स्वतंत्र आहे असं समजू, समज बादली ५ मिनिटांत भरायची आहे, काय करशील? तो म्हणाला नळ जास्त सोडीन, मिनिटाला ४ लिटर येईल इतका. मी विजयी चेहऱ्याने म्हणाले, बघ, म्हणजे नळ हलवलास ना, मग धार स्वतंत्र! तो दोन सेकंद गप्प बसला आणि म्हणाला, पण मॅडम, ५ मिनिटं मी आधी ठरवली आणि ४ लिटर त्यावरून काढले, मग वेळच स्वतंत्र झाला की. आता खरी पंचाईत अशी की तो बरोबर होता. धार ठरवून वेळ काढला तर वेळ = २० ÷ धार, वेळ ठरवून धार काढली तर धार = २० ÷ वेळ, समीकरण तेच, फक्त तोंड फिरवलंय. प्रश्नात "धार कमी-जास्त केली तर" असे शब्द होते म्हणून माझं उत्तर बरोबर आणि त्याचं चूक, पण ते शब्द वाचायला मी कधी शिकवलंच नव्हतं, मी शिकवलं होतं "वेळ" हा शब्द शोधायला. (एकीने मध्येच विचारलं, नळ बंदच असला तर? मग २० ला शून्याने भागायला लागलं आणि बादली काही भरेना, त्यावर १० मिनिटं गेली, पण छान गेली.)

त्या रात्री मी अजून एक गोष्ट तपासायची ठरवली आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर नुसतं लिहिलं, एक्स = २ वाय + ३, स्वतंत्र कोण? सगळे एका सुरात, एक्स! का? एक्स म्हणजे स्वतंत्रच असतो. म्हणजे त्यांच्यासाठी ते अक्षराचं नाव होतं, जसं एखाद्याचं नाव शूर असावं आणि तो झुरळाला घाबरावा तसं. इथे वायची किंमत टाकली की एक्स मिळतो, वाय १ तर एक्स ५, वाय २ तर एक्स ७, समोर लिहिलेलं दिसतंय, पण नाही, एक्स म्हणजे एक्स. समीकरणात वर्णमालेतली शेवटची अक्षरं (एक्स, वाय, झेड) अज्ञातासाठी वापरायची सवय फ्रेंच गणिती देकार्तने १६३७ मध्ये लावली, तेव्हापासून ती चिकटलीय, पण त्या अक्षरांच्या कपाळावर कुणी स्वतंत्र-अवलंबी लिहून ठेवलेलं नाही.

मग ठरवलं, हा धडा पुसून पहिल्यापासून घ्यायचा. सुरुवात दोऱ्याने केली. प्रत्येक जोडीला २४ सेंमीचा गाठ मारलेला दोरा, दोघांच्या मिळून चार बोटांवर ताणून आयत करायचा. एकाने लांबी ठरवायची, दुसऱ्याने रुंदी मोजायची. लांबी ७ केली की रुंदी झक मारत ५ होते, ८ केली की ४. मग अदलाबदल, आता दुसऱ्याने रुंदी ठरवायची आणि पहिल्याने लांबी मोजायची. गंमत म्हणजे दोरा तोच, आकडे तेच, पण मघाशी जो हुकूम सोडत होता तो आता पट्टी घेऊन मोजत बसलाय. एक मुलगी म्हणाली, मॅडम दोघांनी एकदम आपापलं ठरवलं तर दोरा तुटतो. मी तिचं हे वाक्य तसंच फळ्यावर लिहिलं, कारण मी इतकी वर्षं जे सांगायला परिच्छेद खर्च करत होते ते तिने सात-आठ शब्दांत सांगितलं, म्हणजे दोन चल एका समीकरणाने बांधलेले असले की एकालाच मोकळीक, कोणाला ते आपण ठरवायचं, पण दोघांना नाही.

मग त्याच दोऱ्याचं क्षेत्रफळ काढायला लावलं. लांबी १ तर ११, २ तर २०, ३ तर २७, ४ तर ३२, ५ तर ३५, ६ तर ३६, आणि पुढे ७ ला परत ३५. इथे मुलं थांबली. ३६ च्या पुढे जाईना म्हणून नाही, ३५ दोनदा आलं म्हणून. मी मुद्दाम विचारलं, आता उलटं करू, मी क्षेत्रफळ ३५ सांगते, तुम्ही लांबी सांगा. अर्धा वर्ग ५ म्हणाला, अर्धा ७, आणि भांडायला लागले. म्हणजे बादलीत तोंड फिरवता आलं, लांबी-रुंदीत फिरवता आलं, इथे फिरवलं की एकाला दोन उत्तरं. अवलंबी म्हणायचं तर स्वतंत्र चलाच्या एका किमतीला एकच किंमत मिळाली पाहिजे, हे १८३७ मध्ये जर्मन गणिती डिरिक्लेने फंक्शनची (म्हणजे एका चलावरून दुसरा काढून देणाऱ्या नात्याची) व्याख्या करताना ठामपणे मांडलं आणि आपण ते पुस्तकात एका चौकटीत छापतो, मुलं चौकट पाठ करतात. इथे पहिल्यांदा मला ती व्याख्या सांगावीच लागली नाही, भांडण झाल्यावर त्यांनाच ती हवी होती. लांबीवरून क्षेत्रफळ चालेल, क्षेत्रफळावरून लांबी चालणार नाही, निदान "लांब बाजू" असं बजावून सांगितल्याशिवाय तरी नाही.

कॉम्प्युटर लॅबचा एक तास मिळाला तो स्प्रेडशीटवर घालवला. एका कॉलममध्ये हाताने आकडे टाकायचे, शेजारच्यात फॉर्म्युला. डावीकडचा आकडा बदलला की उजवीकडचा आपोआप बदलतो, इथपर्यंत ठीक. एकाने फॉर्म्युल्याच्याच सेलमध्ये स्वतःचा आकडा टाइप केला आणि बोंब मारली, मॅडम हे आता बदलतच नाही! अरे बदलणार कसं, तू त्याचा फॉर्म्युला उडवलास. अवलंबी चलाला हाताने किंमत दिली की तो अवलंबी राहत नाही, हे मी तरी याच्यापेक्षा चांगलं दाखवू शकले नसते. ज्यांच्याकडे लॅब आहे त्यांनी हे जरूर करा, १५ मिनिटं लागतात.

नंतरचा तास लंबकाचा. हा खरं तर विज्ञानाच्या सरांचा प्रांत, पण त्यांच्याकडून लोखंडी नट आणि स्टॉपवॉच उसने आणले. दोऱ्याला नट बांधायचा, थोडासाच बाजूला नेऊन सोडायचा आणि १० दोलनांना (एकदा जाऊन परत आला की एक दोलन) लागलेला वेळ मोजायचा. मुद्दाम लंबक घेतला कारण यात मोजायचाय तो वेळ, म्हणजे माझा जुना नियम इथे पहिल्याच मिनिटाला मरणार. आधी विचारलं, वेळ कशावर अवलंबून असेल? दोऱ्याची लांबी, नटाचं वजन, किती लांबून सोडला, कुणी सोडला (हेही एकाने सुचवलं, मी लिहून घेतलं). मग म्हणाले सगळं एकदम बदलून बघू, तेव्हा मागच्या बेंचवरचा तोच "चल कुठे"वाला म्हणाला, नाही मॅडम, सगळं एकदम हलवलं तर कोणामुळे हलला ते कसं कळणार? आणि मग त्यानेच वाटणी केली, एक हलवायचा चल, एक हलणारा चल, आणि बाकीचे धरून ठेवायचे. हलवायचा, हलणारा, धरून ठेवायचा. मी तिथल्या तिथे माझं ड्राय मिक्स पुसून टाकलं.

वजनवाल्या गटाचा मोठा घोळ झाला. एक नट बांधला तेव्हाचा वेळ आणि तीन नट बांधले तेव्हाचा वेळ वेगळा यायला लागला, त्यांनी जाहीर केलं की वजनावर अवलंबून आहे. जाऊन बघितलं तर तीन नट एकाखाली एक लोंबकळत होते, म्हणजे वजन बदलताना लंबकाची लांबीही वाढलेली, धरून ठेवायचा चल हातातून सुटलेला. तिन्ही नट एकाच गाठीत गोळा करून बांधले आणि मग फरक इतका कमी झाला की तो स्टॉपवॉच दाबणाऱ्या अंगठ्याचा असावा असं त्यांनीच मान्य केलं. लांबीवाल्या गटाचे आकडे मात्र बघण्यासारखे होते. २५ सेंमीला १०.२ सेकंद, ५० ला १४.१, ७५ ला १७.५, आणि १०० सेंमीला २० सेकंद. त्यांना वाटलेलं दोरा चौपट झाला तर वेळ चौपट होईल, झाला दुप्पट. वर्गमूळ वगैरे मी सांगितलं, पण थोडक्यात, कारण मला त्या दिवशी एवढंच हवं होतं की वेळ अवलंबी असू शकतो हे त्यांनी स्वतःच्या हाताने करून बघावं. ते झालं.

मी खूश होऊन घरी गेले. वाटलं हलवायचा-हलणारा म्हणजे आता पक्कं झालं. पण तसं कुठे व्हायला.

दुसऱ्या दिवशी मेणबत्ती काढली, माझं जुनं लाडकं उदाहरण. २० सेंमीची मेणबत्ती, तासाला २ सेंमी जळते, म्हणून लांबी = २० − २ × तास. (खरी मेणबत्ती इतकी गुणी नसते, जरा वारा लागला की भराभर वितळते, पण फळ्यावरची गुणी होती.) विचारलं, हलवायचा कोण? शांतता. मग एकजण म्हणाला, वेळ तर आपण हलवत नाही, तो आपला आपण हलतो, मग यात हलवायचा कोणीच नाही. बरोबर की. कालची वाटणी प्रयोगाला चालते, कारण प्रयोगात आपला हात असतो, पण घड्याळाला आपला हात लागत नाही. कशीबशी समजूत काढली की जो आपल्या चालीने चालतो, दुसऱ्याचं बघत नाही, तोही स्वतंत्रच, आणि पुढे जाऊन जरा शहाणपणा करायला गेले. म्हणाले, पूर्वी घड्याळं नव्हती तेव्हा लोक मेणबत्तीवर खुणा करून वेळ ओळखायचे, म्हणजे त्यांच्यासाठी समीकरण उलटं, तास = (२० − लांबी) ÷ २, मेणबत्ती १४ सेंमी उरली म्हणजे ३ तास झाले. म्हणून इथे लांबी स्वतंत्र आणि वेळ अवलंबी.

आणि मागून आवाज आला, मॅडम, मग मी मेणबत्ती मध्ये कापून १० सेंमीची केली तर ५ तास पुढे जाणार का? शाळा सुटेल!

वर्ग हसला, मीही हसले, पण हसता हसता लक्षात आलं की याला उत्तर काय द्यायचं ते मला पटकन सुचत नाहीये. कारण काल आम्ही लंबकाचा दोरा खरंच कापला होता, १०० चा २५ केला, आणि वेळ खरंच २० सेकंदांचा १० झाला. दोरा कापला की वेळ बदलतो, मेणबत्ती कापली की बदलत नाही, आणि दोन्ही ठिकाणी मी म्हणतेय "वेळ लांबीवर अवलंबून". एकच शब्द, पण दोन गोष्टी सांगतोय. मी प्रामाणिकपणे म्हणाले, थांबा, मला विचार करू द्या, उद्या बोलू. (हे वाक्य वर्गात म्हणायला मला १०-१२ वर्षं लागली असतील.)

घरी बसून जे सुचलं ते असं. गणितात अवलंबून असणं म्हणजे एकाची किंमत कळली की दुसऱ्याची काढता येणं, बस. स्विस गणिती ऑयलरने १७५५ मध्ये फंक्शनचं वर्णन करताना म्हटलं की एक राशी बदलली की जी दुसरी बदलते ती पहिलीवर अवलंबून, आपल्याही डोक्यात साधारण तेच चित्र असतं, ढकलाढकलीचं. पण बरोबरच्या चिन्हाला बाण नसतो. ते चिन्ह फक्त एवढं सांगतं की हे इकडे इतकं असेल तर ते तिकडे इतकं असणार. कोण कोणाला ढकलतंय हे समीकरणात लिहिलेलं नसतं, ते मेणबत्तीत आणि लंबकात असतं, म्हणजे फळ्याच्या बाहेर. मेणबत्तीवरून वेळ *कळतो*, मेणबत्तीमुळे वेळ *होत* नाही.

दुसऱ्या दिवशी हे सांगितलं तर दोघा-तिघांनी लगेच आपली उदाहरणं आणली. थर्मामीटरच्या टोकाला बोट लावून तो तापवला म्हणून खोली गरम होत नाही, हे एकीचं. मला फार आवडलं, कारण आपण थर्मामीटर बघूनच तापमान सांगतो, पण खरं तर पारा तापमानामुळे चढतो. मग दुसऱ्याने विचारलं, सेल्सिअसचं फॅरेनहाइट करतो तिथे कोण कोणामुळे? फॅरेनहाइट = सेल्सिअस × ९ ÷ ५ + ३२, यात तर कोणीच कोणाला ढकलत नाही, एकाच गरमीची दोन नावं आहेत, आणि उणे ४० ला तर दोन्ही आकडेसुद्धा एकच. जे हातात आहे ते स्वतंत्र, जे काढायचंय ते अवलंबी, इथे एवढाच अर्थ उरतो. म्हणजे आमच्याकडे आता तीन खोके झाले, ढकलणारे (लंबक), नुसते सांगणारे (मेणबत्ती बघून वेळ), आणि नाव बदलणारे (तापमान). ही काही पुस्तकी विभागणी नाही हं, आमच्या वर्गापुरती आहे, कुणी तपासायला बसू नका.

एक गंमत सांगायची राहिली. हे सगळं चालू असताना माझ्या लक्षात आलं की मराठीत वेळ दोन आहेत, "ती वेळ" आणि "तो वेळ". घड्याळात जी होते ती वेळ, आणि कामाला जो लागतो तो वेळ. किती वाजले ती वेळ, ती आपली पुढे जाते, तिला कुणी अडवत नाही, आणि बादली भरायला जो लागतो, दोलनाला जो लागतो तो वेळ बिचारा कशावर ना कशावर अवलंबून. मुलांना म्हटलं प्रश्नात "ती" आहे का "तो" आहे बघा. नेहमी चालत नाही ही युक्ती, मेणबत्तीच्या समीकरणातला वेळ "तो" आहे, जळायला लागून गेलेला, तरी आपण त्याला स्वतंत्र धरतो. म्हणून नियम म्हणून दिली नाही, एकदा नियम देऊन तोंड पोळलंय. पण प्रश्न दोनदा वाचायला लावते, तेवढं पुरे.

अक्षांचं मी फार ताणलं नाही. सवय आहे म्हणून स्वतंत्र आडव्यावर आणि अवलंबी उभ्यावर घ्या, सगळे तसं घेतात म्हणून दुसऱ्याला वाचायला सोपं जातं, एवढंच सांगितलं. एका मुलाने मोठ्या बहिणीचं अर्थशास्त्राचं पुस्तक आणून दाखवलं, मागणीचा आलेख, त्यात म्हणे किंमत बदलली की मागणी बदलते पण किंमत उभ्या अक्षावर! ही अर्थशास्त्रज्ञ मार्शलच्या १८९० च्या ग्रंथापासून रुळलेली पद्धत आहे, अर्थशास्त्राची मुलं अजून तशीच काढतात. समुद्राच्या पाण्याचं तापमान खोलीनुसार दाखवतात तिथेही खोली उभ्या अक्षावर आणि तीही खाली वाढत जाणारी, कारण समुद्र खाली खोल असतो, आडवा नाही. मुलांना हे फार भावलं. आलेख बघितल्यावर आडवं काय म्हणून ठोकून न देता आधी शीर्षक वाचायची सवय मात्र यातून बऱ्याच जणांना लागली.

शेवटी चाचणी. "स्वतंत्र चल ओळखा" हा प्रश्न मी काढून टाकला. त्याऐवजी दोन कॉलमांचा तक्ता दिला, वर नावं, खाली आकडे, आणि सांगितलं की या तक्त्यावर दोन प्रश्न लिहा, एकात पहिला चल स्वतंत्र आला पाहिजे, दुसऱ्यात दुसरा. आणि जमत नसेल तर का जमत नाही ते लिहा. लंबकाच्या तक्त्यावर एकीने लिहिलं, १) दोरा ५० सेंमी घेतला तर १० दोलनांना किती वेळ लागेल? २) मला एका सेकंदात एक पूर्ण दोलन करणारा लंबक हवाय, दोरा किती घेऊ? दुसरा प्रश्न वाचून मी पेन खाली ठेवलं. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ बनवलं तेव्हापासून घड्याळं करणाऱ्यांना हाच प्रश्न पडलेला, वेळ हवा तो ठरलेला आहे, दोरा किती? आणि तिने उत्तरही लिहिलेलं, साधारण २५ सेंमी, तक्त्यात बघून. क्षेत्रफळाच्या तक्त्यावर बऱ्याच जणांनी "उलटं जमत नाही, ३५ ला दोन येतात" असं लिहिलं. काहींनी सगळीकडे वेळ स्वतंत्र असं लिहून टाकलं, ते आहेतच अजून, माझ्या जुन्या नियमाचे वारस.

शेवटचा तक्ता मी जरा खोडसाळपणे दिला होता, वेगवेगळ्या वयाच्या मुलांची उंची आणि ती मिनिटाला किती शब्द लिहितात ते. आकडे मीच बनवलेले, उंची वाढेल तसे शब्द वाढणारे. बहुतेकांनी दोन्ही बाजूंनी प्रश्न लिहून दिले, उंची इतकी तर शब्द किती, शब्द इतके तर उंची किती, गणित म्हणून ठीकच, मी पूर्ण मार्क दिले. "चल कुठे"वाल्याने दोन प्रश्न लिहिलेच नाहीत. त्याने लिहिलं होतं, दोघांतला कोणीच कोणाला हलवत नाही, दोघांना हलवणारा वय हा चल तक्त्यात नाहीच, तो बाहेर उभा आहे. उत्तरपत्रिकेत याला मी मार्कच ठेवलेले नव्हते. बरंच घोळवून २ पैकी दीड दिला, कारण शेवटी विचारलेले प्रश्न लिहिले नव्हते. पेपर वाटल्यावर तो लगेच माझ्या टेबलापाशी, मॅडम अर्धा कुठे गेला? आणि खरं सांगू, पाच मिनिटं वाद घालून मी हरले.